थोरल्या टाकीचं पाणी

१

शुक्रवारी सकाळी पपनसाची एकशे सहा रोपं मेलेली निघाली.

पडलेली नव्हती. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ओळीनं उभीच होती. पण पानांच्या कडा जाळात धरलेल्या कागदासारख्या करपलेल्या, आणि बोट लावलं की पान गळून हातात. बुधवारपासून कडा तांबूस दिसत होत्या. मी म्हटलं, ऊन असेल. एप्रिलमध्ये नदीतल्या आमच्या बेटावर सगळंच तांबूस दिसतं, माणसंसुद्धा.

एकशे सहाच्या एकशे सहा कलमं मी बांधलेली. पानांवरून ओळखते मी त्यांना.

बा आला. एका पिशवीतला काथ्याचा भुसा उचलला, जिभेला लावला, थुंकला.

"मीठ."

उन्हाळ्यात नदीतून समुद्र वर चढतो आणि आमचा कालवा खारा होतो. बानं माझ्याकडे बघितलं. "कालव्याचं पाणी घातलंस."

"नाही घातलं."

"थोरल्या टाकीच्या नळीनं चारशे रोपांना दोन तास लागतात. कालव्यावर पंप लावला की दहा मिनिटं. तुला दोन तास एका जागी उभं राहता येतं का गं, थोआ? शाळेत तरी राहिलीस का?"

"शाळेचं मधे आणू नका, बा. मी थोरलीचंच पाणी घातलं. रोज."

दारात आजी येऊन उभी राहिली. बापाच्या आईला आम्ही नोई म्हणतो. तिच्यामागे दिएम वहिनी, कडेवर पोर. दोघींचे चेहरे झोपेतून उठल्यासारखे. हल्ली सगळ्यांचेच तसे असतात.

बा टाकीकडे गेला. थोरली म्हणजे आमची सिमेंटची मोठी टाकी, माझ्या खांद्याएवढी उंच. पाच रांजणांतलं पावसाचं पाणी मार्चमध्येच संपलं, आता उरली ती एकटी. पाऊस यायला अजून महिना. बानं विटेवर पाय ठेवला, झाकण सरकवलं, तोंडावरचं फडकं सोडलं आणि करवंटीच्या डोयीनं वरचं पाणी काढलं. स्वतः प्यायला. नोईला दिलं, वहिनीला दिलं. मग डोयी माझ्यापुढे धरली.

मी प्यायले. गोड. सप्टेंबरच्या पावसाचं, गार.

"टाकी गोड," बा म्हणाला. "रोपं खारट. मधे कोण आहे?"

संताप आला की माझा आधी हात उठतो, शब्द मागून येतात. हात मागे बांधून उभी राहिले.

"रविवारी ख्वा येतोय. त्याच्याबरोबर जा. बूट शिवायच्या कारखान्यात मीठ लागत नाही."

ख्वा माझा मोठा भाऊ, दिएम वहिनीचा नवरा. तो त्या कारखान्यात चार वर्षं आहे. चार वर्षांत त्यानं एकदाही सांगितलं नाही की तिथे खिडकीतून काय दिसतं. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "खिडकी?"

माझ्याकडे अडीच दिवस होते.

२

त्या सकाळी रोपांना पाणी घालायचं राहिलं होतं, म्हणून मला ते सापडलं.

बा कलमांच्या छपरीत गेल्यावर मी थोरलीच्या नळापाशी बसले. नळ तळाशी आहे, वीतभर उंचीवर. त्याला फक्त माझी नळी लागते. घरातलं चहाचं, पिण्याचं पाणी वरून डोयीनंच काढायचं हा नोईचा कायदा. ती म्हणते, वरचं पाणी आभाळाचं, तळाचं कौलांचं. त्यामुळे नळाचं पाणी घरात कुणाच्या तोंडात जातच नाही.

माझ्याही गेलं नव्हतं. दहा दिवस मी त्या नळीच्या तोंडावर अंगठा धरून उभी होते आणि एकदाही अंगठा चोखला नाही.

नळ सोडला. ओंजळ भरली.

खारट. घशाला लागेल इतकं.

पुन्हा विटेवर चढले, डोयीनं वरचं घेतलं. गोड. खाली उतरले. खारट. टाकी एक, पाणी एक, आणि वर एक चव, खाली दुसरी. मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं.

बाला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय म्हणाला असता तो? आळशीपणा झाकायला आता कालव्याचं पाणी टाकीतही ओतलंस. माझ्याशिवाय या नळाला हात कोण लावतं?

म्हणून मी बादली लावली. पहिली भरली, खारट. दुसरी, खारट. तिसरी थोडी कमी, पण खारटच. चौथी चाखली आणि बादली पायावर सांडली.

चौथी गोड होती.

मग मी रोपांकडे बघितलं. मेलेली एकशे सहा कुठे होती? पहिल्या चार ओळींत, सगळीच्या सगळी. टाकीजवळच्या. मी रोज तिथूनच सुरू करते. मागच्या ओळी हिरव्यागार.

म्हणजे कुणीतरी तीन बादल्या खारं पाणी थोरलीत घालत होतं. एकदाच नव्हे, रोज. कारण गुरुवारी सकाळी मी तळाचं पाणी उपसलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी तळ पुन्हा खारट.

आणि तरी टाकीची पातळी बरोबर होती. रोज संध्याकाळी मी बांबूची काठी बुडवते आणि नोई बोटं मोजते. रोज चार बोटं उतरायला हवीत, चारच उतरत होती. खारं पाणी घातलं तर पातळी चढायला हवी. चढली नाही, याचा अर्थ एकच. जेवढं खारं आत गेलं, तेवढं गोड बाहेर गेलं.

चोरी होत होती. आणि चोर भरपाई करून जात होता.

३

चोर कोण, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मला नेहमीच तेव्हाच ठाऊक असतं.

शेजारचे साऊ काका. दोन वर्षांपूर्वी बांधावरच्या चरावरून त्यांचं आणि बाचं वाजलं, तेव्हापासून अबोला. त्यांचे रांजण मार्चच्या आधीच आटले. आणि मंगळवारी मी त्यांना आमच्या बांधावर बघितलं होतं, आमच्या टाकीकडे तोंड करून उभे.

मी त्यांच्या अंगणात जाऊन ओरडले, "काका, बाहेर या!"

"तूच आत ये. बाहेर ऊन आहे."

"पाणी चोरता आणि सावलीत बसता?"

ते जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाचं पाणी?"

"आमचं! थोरलीचं! रोज तीन बादल्या काढता आणि वर कालव्याचं ओतता. माझी एकशे सहा रोपं मेली, आणि बा मला कारखान्यात पाठवतोय!"

"हे सात रांजण आहेत," ते म्हणाले. "हात घाल. एकात जरी ओल लागली तरी ती तुझी."

मी हात घातला नाही. लाथ घातली. सगळ्यात जवळचा रांजण होता, जुना, तपकिरी. तडा वरपासून खालपर्यंत गेला, मग एक मोठी खापरी आत पडली. आत कोरडं होतं. कोळ्याचं जाळं होतं.

काकांनी सुई खाली ठेवली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रिकामाच होता," ते म्हणाले. "पावसात लागला असता."

मी तिथेच खाली बसले. त्यांची बदकं आली, माझ्या पायाजवळ चोच मारून गेली.

"मंगळवारी आमच्या बांधावर काय करत होता?" मी विचारलं. आवाज खाली आलेला.

"बदक शोधत होतो. तुमच्या निळ्या पिंपात पडलं असेल म्हणून बघितलं. पिंप काठोकाठ भरलेलं, पाणी आरशासारखं. कुणीतरी तुरटी फिरवून कालव्याचा गाळ बसवला होता. म्हटलं, अंघोळीला असेल."

"काका, एकाच टाकीत वर गोड आणि खाली खारट, असं होतं?"

ते पहिल्यांदा हसले. "तुझा जन्म नदीवर झाला की डोंगरावर? कोळंबीला जाताना मी बाटली का बांधतो दोरीला? बूच लावून तळाला सोडायची, तिथे बूच ओढायचं आणि तळाचं पाणी वर आणून चाखायचं. नदीत वर हात घातला तर गोड लागतं, आणि तळाला समुद्र सरकत असतो. मीठ जड असतं गं. ढवळलं नाहीस तर ते उठून वर कशाला येईल? त्याला काय घाई आहे?"

"पण टाकी म्हणजे नदी नाही."

"मिठाला कोण सांगणार ते?"

मी उठले. रांजणाबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी चालायला लागले.

"थोआ," ते मागून म्हणाले, "ज्यानं ओतलं त्यानं ढवळू दिलेलं नाही. बादली उपडी केली असती तर सगळं एक झालं असतं. त्यानं हळू घातलंय. थेट तळाला. काळजीनं."

काळजीनं. चोराबद्दल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

४

परत येताना बागेतून आले. बागेच्या टोकाला माचं, म्हणजे आईचं, थडगं आहे, शेजारी तिनं लावलेलं रांबुतानचं झाड. मी त्याच्या सावलीत टेकले. मा जाऊन चार वर्षं झाली. त्याच वर्षी मी शाळा सोडली; मास्तरांशी भांडण झालं ते निमित्त होतं. बुंध्याशी काथ्याचा जाड थर अंथरलेला. त्यातून एक बेडूक निघाला, माझ्याकडे बघितलं, परत आत गेला. मीही डोळे मिटले. जरा बरं वाटलं.

मग निळं पिंप बघायला बांधावर गेले.

बांध थोरलीपेक्षा उंच आहे. पिंप रिकामं होतं, आत तुरटीचा पांढरा थर. मागे, केळीच्या सुकलेल्या पानांखाली, हिरव्या नळीचं वेटोळं. एका टोकाला मोठा खिळा बांधलेला, बुडावं म्हणून. त्याच टोकावर तोंड लावून ओढल्याचा ओला ठसा असेल म्हणून बघितलं, पण ते वाळून गेलं होतं.

आता सगळं दिसलं. नळीचं एक टोक पिंपात, खिळ्याचं टोक थोरलीच्या तळाशी. एकदा तोंडानं ओढलं की पाणी आपसूक उतरतं. गाळ नाही, शिंपण नाही, ढवळणं नाही.

खिळा बांधलेलं नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं. बरोबर केलं होतं. सरळ कापलं असतं तर तळाला चिकटून बसलं असतं. तो काप मला ओळखीचा वाटला. कुठे बघितला ते आठवेना.

कधी घालत होता, तेही स्पष्टच होतं. दुपारी. रोज दुपारी मी दोन कॅन घेऊन पॅगोडाच्या धक्क्यावर जाते, तिथे गोड पाण्याची होडी येते. रांगेत दोन तास. तेवढ्या वेळात घरी कोण असतं? नोई, वहिनी. बा म्हणतो तो छपरीत असतो.

दिएम वहिनी पाळण्याशी बसली होती.

"वहिनी, थोरलीतून पाणी घेतेस?"

तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, झालं.

"कुणी सांगितलं?"

"मीच विचारतेय."

"एक डोयी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "रोज एकच डोयी, थोआ. कालव्याच्या पाण्यानं पोराच्या अंगावर पुरळ उठतं. अंघोळीनंतर फक्त एकदा वरून घालते. माझा चहा मी सोडलाय त्याच्या बदल्यात. नोईंना सांगू नकोस."

"तू चहा सोडलास आणि कुणाला कळलं नाही?"

"या घरात कुणाला काय कळतं? सगळे आपापल्या बादलीत बघतात."

एक डोयी म्हणजे तीन बादल्या नव्हेत. शिवाय नळी दाखवली तर ती म्हणाली, "माझ्याकडे कात्री आहे. कात्रीनं ही कापून तर दाखव." नळी मी होती तशी परत केळीच्या पानांखाली ठेवली.

नोई हॅमॉकमध्ये पडून होती. मी वारा घालायला लागले.

"काय हवंय?" ती डोळे न उघडता म्हणाली. "फुकट वारा तू घालत नाहीस."

"दुपारी काही आवाज येतो का गं?"

"पाऊस येतो."

"नोई, एप्रिल आहे."

"मला माहितीये एप्रिल आहे, मी म्हातारी आहे, खुळी नाही. डोळा लागला की पन्हळीतून पाणी उतरल्यासारखं ऐकू येतं. सुरसुर. आठ-दहा दिवस झाले. जाग आली की काही नाही. मी कुणाला सांगत नाही. या वयात पाऊस ऐकू यायला लागला की लोक शवपेटीची लाकडं बघायला जातात."

"तो पाऊस खरा आहे, नोई."

तिनं एक डोळा उघडला. "मग थोडा जास्त पाड म्हणावं."

शनिवारी पहाटे मी नळ सोडला. पहिल्या तीन बादल्या खारट. शुक्रवारीही त्यानं घातलं होतं, एवढा तमाशा होऊनसुद्धा. त्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या रोपांना गोड पाणी घातलं.

मग कलमांना बसले. हाताला काम असलं की डोकं शांत राहतं. कोंबाचा डोळा असलेली काडी घेतली, सुरी टेकवली आणि एका ओढीत तिरका काप घेतला. गुळगुळीत, कडेला एकही धागा नाही.

काडी हातातच राहिली.

नळीचं टोक तसंच होतं. कात्रीचं नव्हे, साऊ काकांच्या कोयत्याचं नव्हे. कोयत्यानं रबर चेचतं. ते कलमाच्या सुरीनं, कलमाच्या सवयीनं, एका ओढीत कापलं होतं. असा काप या घरात दोघंच मारतात. एक मी.

दुसऱ्यानं मला तो शिकवला.

५

तीन बादल्या गोड पाणी एका दिवसात कोण पितं? माणूस नाही. पोर नाही. मी उठून बागेच्या टोकाला गेले. आदल्या दिवशी जिथे टेकले होते, तिथे उभी राहिले आणि वर बघितलं.

सावली होती.

मी तिच्यात बसले होते आणि मला कळलं नव्हतं. आमच्याकडे रांबुतानची अकरा झाडं. फेब्रुवारीत बानं सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं, "मोठ्या झाडांना पाणी नाही. एक झाड शंभर रोपांचं पाणी पितं. मरायचं ते मरू दे. जो मोठ्या झाडाला एक तांब्या घालेल, त्याचा हात मी मोडीन." दहा झाडं तशीच उभी होती, नुसत्या काटक्या. अकराव्याला तांबूस कोवळी पालवी.

बुंध्याशी काथ्यात हात घातला. वरचा थर कोरडा, खाली चिखल. बेडूक हाताला लागला.

मी रडले नाही. फार थकले होते. थडग्यापाशी बसून राहिले. बाला जाऊन सांगायचं? तो नाही म्हणेल, मग मी ओरडेन, मग माझंच काहीतरी फुटेल. ख्वाला सांगायचं? न सांगता रविवारी निघून जायचं? खिडकी नसलेल्या खोलीत बसून बूट शिवायचे आणि त्याला त्याचं झाड जगवू द्यायचं?

तेही करून बघितलं मनात. दहा मिनिटं टिकलं.

रविवारी अकराला ख्वा मोटरसायकलवर आला. माझी पिशवी दाराशी होती. पाहुणा आला की चहा आणि नारळाच्या वड्या, मग दुसरं काही. चहा मी केला.

पाच पेले. नोईनं पहिला घोट घेतला आणि अंगणात थुंकली.

"अगं बाई! यात मासा शिजवायचा होता का?"

"सासरी गेलीस तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील," ख्वा तोंड पुसत म्हणाला. वहिनीनं पेला खाली ठेवला.

"थोरलीचं पाणी आहे," मी म्हटलं. "नळाचं. माझ्या रोपांना जे मिळालं ते."

मग मी सांगितलं. ओरडले नाही, माझं मलाच नवल वाटलं. वरचं गोड, तळाचं खारट. पहिल्या तीन बादल्या खारट, चौथी गोड. आणि मेलेली रोपं पहिल्या चार ओळींतली.

"मी आळशी आहे, मान्य," मी म्हटलं. "पण माणूस कंटाळतो तो शेवटी. मी कंटाळून कालव्याचा पंप लावला असता तर मागच्या ओळी मेल्या असत्या. पहिल्या मेल्या. सुरुवातीलाच कोण कंटाळतं?"

ख्वानं बाच्या तोंडाकडे बघितलं. बा पेल्याकडे बघत होता. त्यानं अजून तोंड लावलं नव्हतं.

"कुणीतरी दुपारी वरून तीन बादल्या गोड काढतं आणि तळाशी तेवढंच खारं सोडतं, म्हणजे नोईची बोटं चुकू नयेत. बांधावरच्या पिंपातून. नोई, तुझा पाऊस तो." मी नळी सगळ्यांमध्ये ठेवली. "आणि हे टोक बघा. हा काप कलमाच्या सुरीचा. असा काप या घरात दोघंच मारतात."

सगळ्यांनी आधी माझ्याकडेच बघितलं. मला ते अपेक्षित होतं, तरी लागलं.

"दुपारी मी धक्क्यावर असते. कार्डावर रोजचा शिक्का आहे." कार्डही ठेवलं. गोड पाणी कुठे गेलं ते मी सांगणार नव्हते. ते माझं सांगायचं नव्हतं.



बानं पेला उचलला. एक घोट घेतला. थुंकला नाही. मग दुसरा. पूर्ण पेला रिकामा केला, सावकाश, तोंड वाकडं न करता, आणि उपडा ठेवला.

"मी," तो म्हणाला.

"काय मी?" ख्वानं विचारलं.

"तुमच्या माचं झाड. पानं गळायला लागली तेव्हा... मला नाही जमलं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एवढ्या मोठ्या टाकीत तीन बादल्या, म्हटलं, कळणारही नाही. रोज चाखत होतो, थोआ. रोज. गोडच लागायचं."

"वरून चाखत होता."

"वरून."

"आणि रोपं मेल्यावर मी खोटं बोलतेय असं वाटलं."

"मला खरंच वाटलं की तू..." त्यानं वाक्य सोडून दिलं. तेवढंच बोलला. माफी वगैरे आमच्याकडे कुणाला मागता येत नाही.

मला वाटलं होतं नोई त्याला शिव्या घालेल. ती उपड्या पेल्याकडे बघत होती.

"बाकीची दहा तुझ्या बापानं लावलेली," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या पावसात. मी खड्डे खणले. ती मेली. मी बोलले काही?"

बानं मान खाली घातली.

"रोज त्यांच्यापुढून जाते. तू म्हणालास पाणी नाही, मी म्हटलं नाही तर नाही." ती उठायला लागली, वहिनीनं हात दिला. "आजपासून तांदूळ धुतलेलं पाणी त्या झाडाला घाला. माझ्या मिरचीच्या कुंड्यांना नको. त्यात जगलं तर जगलं. थोरलीला हात लावायचा नाही. आणि दिएम, पोराला डोयीभर जास्त घे. चहा सोडलास ते मला माहितीये. म्हातारी आहे, खुळी नाही."

ख्वानं माझी पिशवी उचलली. क्षणभर मला कळेना तो ती कुठे नेतोय. त्यानं ती आत नेऊन ठेवली.

संध्याकाळी बा आणि मी आमचा एक रांजण हातगाडीवर घालून साऊ काकांकडे नेला. दोन वर्षांत बा पहिल्यांदाच त्यांच्या अंगणात शिरला. काकांनी रांजणाला वाकून आत बघितलं, मग आमच्याकडे.

"रिकामाच आणलात?"

बा हसला. हसणं विसरलेल्या माणसासारखं, एका बाजूनं.

सोमवारी पहाटे गावच्या कर्ण्यावरून सांगितलं, कालव्यात मीठ हजारात साडेचार, कुणी पंप लावू नये. दोनशे चौऱ्याण्णव रोपं उरली होती. थोरलीत सोळा बोटं पाणी, नोईच्या हिशेबानं चार दिवसांचं. पाऊस अजून जवळजवळ महिनाभर लांब. यापुढे दोन कॅनऐवजी सहा आणावे लागणार, रांगेत तीनदा उभं राहावं लागणार. मला आधीच दमल्यासारखं झालं.

नळी घ्यायला गेले तर बा नळापाशी उकिडवा बसलेला. त्यानं नळ सोडला, तळहात खाली धरला, चाखला. थांबला. पुन्हा चाखला.

मग नळीचं तोंड माझ्या हातात दिलं आणि दोन रिकामे कॅन उचलून धक्क्याकडे निघाला.